फोटो संपादनाच्या सॉफ्टवेअरला पैसे मोजताना

फोटो संपादनासाठी दरमहा किंवा दरवर्षी वर्गणी भरावी लागणारे व्यावसायिक सॉफ्टवेअर घ्यावे का, हा प्रश्न छायाचित्रणाची गोडी लागलेल्या बहुतेकांना कधी ना कधी पडतो. तो पडतो तेव्हा मनात एकच अपेक्षा असते, ती म्हणजे महाग साधन घेतले की आपले फोटो अधिक चांगले दिसतील. मी बरीच वर्षे हौसेने आणि अधूनमधून मानधन घेऊन फोटो काढत आले आहे, विनामूल्य आणि विकतची अशी दोन्ही साधने वापरत आले आहे, आणि या अपेक्षेपायीच सगळा हिशेब चुकतो असे माझे मत झाले आहे. एकच फोटो घेऊन त्यावर मन लावून बसायचे असेल, तर दोन्ही साधनांतून निघणाऱ्या परिणामात आज फारसे अंतर राहिलेले नाही. पैसे मोजायचे ते वेळेसाठी. आणि ते मोजायला सुरुवात करण्याआधी, पुढे कधी थांबवले तर हातात काय राहील, हेही पाहून ठेवायला हवे.

हे अंतर का राहिलेले नाही, हे कळण्यासाठी कॅमेऱ्यात काय घडते ते पाहू. सेन्सरवरचा, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपवरचा, प्रत्येक बिंदू केवळ प्रकाश किती पडला एवढेच मोजतो, रंग त्याला कळत नाही. म्हणून बहुतेक कॅमेऱ्यांत या बिंदूंवर लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरची जाळी बसवलेली असते. कोडॅकमधले शास्त्रज्ञ ब्राइस बायर यांनी ही मांडणी शोधली आणि १९७६ मध्ये तिचे पेटंट मिळाले. रॉ फाइल म्हणजे या मोजमापांची जवळजवळ अस्पर्शित नोंद. १२ बिटांच्या रॉ फाइलमध्ये उजेडाच्या ४,०९६ पायऱ्या नोंदवता येतात, १४ बिटांच्या फाइलमध्ये १६,३८४, तर जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्याच मिळतात. सावलीत बुडालेला चेहरा रॉ फाइलमधून उजळवता येतो आणि जेपेगमध्ये त्याच जागी पट्टे आणि डाग दिसू लागतात, ते यामुळे. ही जास्तीची माहिती कॅमेऱ्याने टिपलेली असते, ती कोणत्याही सॉफ्टवेअरने निर्माण केलेली नसते. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही विनामूल्य मिळणारी मुक्त सॉफ्टवेअर तीच फाइल उघडतात आणि तीच माहिती वापरतात. बिंदूंच्या नोंदीवरून पूर्ण रंगीत चित्र तयार करण्याच्या अनेक पद्धती रॉथेरपी समोर ठेवते आणि त्यांतली कोणती वापरायची ते आपल्यावर सोडते. याशिवाय कॅनन, निकॉन, सोनी अशा उत्पादकांची स्वतःची रॉ सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतात. त्यांच्याकडे लोकांचे फार कमी लक्ष जाते आणि मला त्याचे वाईट वाटते, कारण कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसलेले रंग जसेच्या तसे हवे असतील तर सर्वांत सरळ मार्ग तोच आहे.

तरीही काही बाबतींत विकतची साधने खरोखर पुढे आहेत आणि ते मान्य केले पाहिजे. अंधारात काढलेल्या फोटोंतला नॉइज, म्हणजे रवाळ ठिपके, कमी करणे ही त्यांतली पहिली बाब. प्रशिक्षित न्यूरल नेटवर्कच्या (असंख्य उदाहरणांवरून शिकलेल्या संगणकीय प्रणालीच्या) आधारे हे काम करणारी डीएक्सओ कंपनीची डीपप्राइम पद्धत २०२० मध्ये आली आणि अडोबी कंपनीच्या लाइटरूम या फोटो सांभाळण्याच्या आणि संपादनाच्या साधनात तशी सोय २०२३ मध्ये झाली. उच्च आयएसओवर, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदना वाढवून, काढलेला रंगमंचावरचा किंवा रात्रीच्या वन्यजीवनाचा फोटो या पद्धतींनी जितका स्वच्छ होतो, तितका जुन्या पद्धतींनी, कितीही चिकाटीने प्रयत्न केला तरी, मला करता आलेला नाही. दुसरी बाब म्हणजे स्टुडिओतले काम. कॅमेरा केबलने संगणकाला जोडून, काढलेला प्रत्येक फोटो ग्राहकासमोर लगेच मोठ्या पडद्यावर दाखवायचा असेल, तर कॅप्चर वन या विकतच्या सॉफ्टवेअरवर अनेक व्यावसायिक विसंबतात, आणि ते योग्यच आहे. तिसरी बाब देवाणघेवाणीची आहे. प्रकाशनसंस्था किंवा जाहिरातसंस्था लेयर (एकावर एक ठेवलेले वेगवेगळे थर) असलेली फोटोशॉपची फाइल मागत असेल आणि त्यांनी बदल करून पाठवलेली फाइल आपल्याला पुन्हा उघडावी लागत असेल, तर तिथे विचार करत बसण्यात अर्थ नाही. फोटोशॉप घ्यावे. थॉमस आणि जॉन नोल या भावांनी १९८७ च्या सुमारास सुरू केलेल्या आणि १९९० मध्ये बाजारात आलेल्या या साधनाभोवती अख्ख्या व्यवसायाची कार्यपद्धती उभी राहिली आहे.

मात्र माझ्या मते वर्गणीचा खरा मोबदला मिळतो तो मोठ्या संख्येने फोटो हाताळताना. समजा, एखाद्या समारंभात हजार फोटो काढले आणि त्यांतले दोनशे नीट करून द्यायचे आहेत. या कामात सर्वाधिक वेळ रंग सुधारण्यात जातो असे बाहेरून वाटते, पण बराच वेळ निवडीतच जातो. पुढचा फोटो पडद्यावर यायला दोन सेकंद लागतात की तो आधीच तयार असतो, एक कळ दाबून तारांकन देता येते का, एकाच क्षणाचे चार फोटो शेजारी ठेवून कोणाचे डोळे मिटले आहेत ते झटकन पाहता येते का, अशा बारीक गोष्टींवर अख्खी संध्याकाळ वाचते किंवा जाते. निवड झाल्यावर एका फोटोवर केलेले बदल बाकीच्यांना लावणे सर्वच साधनांत जमते. खरा फरक पडतो तो मास्कमध्ये, म्हणजे फोटोचा ठरावीक भागच बदलण्यासाठी केलेल्या निवडीत. ब्रशने रंगवलेला मास्क पुढच्या फोटोवर लावला तर तो आहे त्या जागीच राहतो, आणि माणूस मात्र तोवर हललेला असतो. याउलट लाइटरूमसारख्या साधनात ‘या व्यक्तीचा चेहरा’ अशा स्वरूपाचा मास्क दिला, तर सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोत तो चेहरा नव्याने शोधते आणि तेवढाच उजळवते. यामुळे फोटोमागे अर्धा मिनिट वाचला तरी दोनशे फोटोंमागे शंभर मिनिटे वाचतात, आणि असे काम महिन्यातून अनेकदा येत असेल तर वर्गणीबद्दल वेगळे समर्थन द्यावे लागत नाही. हाच हिशेब महिन्याला वीस फोटो मनापासून संपादित करणाऱ्या हौशी माणसासाठी केला, तर वाचतात केवळ दहा मिनिटे. शिवाय त्याच्यासाठी संपादनात रमणे हाच आनंदाचा भाग असतो, मग ती दहा मिनिटे वाचवायची तरी कशासाठी?

विनामूल्य साधनांचीही किंमत असते आणि ती शिकण्याच्या वेळात मोजावी लागते. डार्कटेबल पहिल्यांदा उघडणारा माणूस त्यातील मॉड्यूलची (एकेका कामासाठीच्या साधनपट्ट्यांची) संख्या पाहूनच गोंधळतो. एकच परिणाम साधण्याचे तिथे अनेक मार्ग आहेत, प्रकाशाचा पल्ला पडद्यावर बसवण्यासाठी फिल्मिक हे मॉड्यूल वापरायचे की सिग्मॉइड, हे आधी समजून घ्यावे लागते, आणि काही जुने मॉड्यूल आता वापरू नयेत हेही शोधावे लागते. ज्याला ही यंत्रणा समजून घेण्यात रस आहे त्याला यातून प्रकाश आणि रंग यांचे उत्तम शिक्षण मिळते. मला तरी ते मिळाले. पण ज्याला येत्या आठवड्यात काम पूर्ण करून द्यायचे आहे, त्याला विनामूल्य साधन महागात पडू शकते. स्पेन्सर किमबॉल आणि पीटर मॅटिस या विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये सुरू केलेल्या गिंप या विनामूल्य चित्रसंपादन साधनाची एक मोठी उणीव अशी होती की लावलेला फिल्टर थेट चित्रात मिसळून जाई आणि नंतर त्यात फेरफार करता येत नसे. २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून बहुतेक फिल्टर पुन्हा उघडून बदलता येतात. गिंप पूर्वी वापरून ज्यांनी सोडले असेल, त्यांनी ते नव्याने पाहावे असे मी आवर्जून सांगेन.

विनामूल्य म्हटलेल्या सर्वच गोष्टी एका प्रकारच्या नसतात, हे मात्र ध्यानात ठेवायला हवे. निक कलेक्शन हा फिल्टरचा संच गूगलने २०१६ मध्ये विनामूल्य केला, २०१७ मध्ये तो डीएक्सओ कंपनीने घेतला आणि त्याच्या नव्या आवृत्त्या पुन्हा विकत घ्याव्या लागू लागल्या. अ‍ॅफिनिटी फोटो हे संपादनाचे साधन अनेक वर्षे एकरकमी किमतीला मिळत असे. ते बनवणारी सेरिफ कंपनी २०२४ मध्ये कॅन्व्हा या ऑनलाइन डिझाइन कंपनीने घेतली आणि २०२५ मध्ये अ‍ॅफिनिटी कॅन्व्हाचे खाते असणाऱ्यांना विनामूल्य झाले. लेयर, निवड, रिटचिंग अशा कामांसाठी ते आज फार चांगले साधन आहे. पण त्याचे विनामूल्य असणे हा एका कंपनीचा व्यावसायिक निर्णय आहे, तर गिंप आणि डार्कटेबल यांचा सोर्स कोडच (मूळ प्रोग्रॅमची संहिता) सर्वांसाठी खुला असल्यामुळे तो कोणाला मागे घेता येत नाही. पुढील दहा-पंधरा वर्षांचा संग्रह सांभाळायचा असेल तर हा भेद किमतीइतकाच मोलाचा आहे.

थांबण्याच्या खर्चाचा मुद्दा येथूनच सुरू होतो. अडोबीने २०१३ मध्ये जाहीर केले की क्रिएटिव्ह सूट या फोटोशॉपसह असलेल्या साधनसंचाच्या नव्या आवृत्त्या यापुढे कायमस्वरूपी विकत मिळणार नाहीत. २०१५ मधले लाइटरूम ६ हे लाइटरूमच्या मालिकेतले एकदाच पैसे देऊन घेता येणारे शेवटचे, आणि त्याचे अद्ययावतीकरण २०१७ च्या अखेरीस थांबले. ते ज्यांच्याकडे होते त्यांच्या नव्या कॅमेऱ्यांच्या रॉ फाइल त्यात थेट उघडेनात. अडोबीचेच विनामूल्य डीएनजी कन्व्हर्टर वापरून फाइल डीएनजी या अडोबीच्या रॉ स्वरूपात बदलून घेतली की मार्ग निघे, पण प्रत्येक वेळी एक पायरी वाढली. अ‍ॅपलच्या अ‍ॅपर्चर या फोटो संपादन साधनाचे उदाहरण याहून कठोर आहे. २००५ मध्ये आलेल्या त्या साधनाचा विकास थांबवत असल्याचे २०१४ मध्ये जाहीर झाले आणि २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनापासून ते चालेनासे झाले. यात मूळ फोटो कोणाचेच गेले नाहीत. अडकले ते संपादन.

कारण अशी साधने मूळ फाइलला हात लावत नाहीत. ‘उजेड इतका वाढवा, सावली इतकी उघडा, इथे कातरा’ अशा सूचना ती वेगळ्या नोंदवहीत ठेवतात आणि फोटो दाखवताना त्या सूचना लागू करतात. तारांकन, शीर्षके, शोधशब्द ही माहिती ठरावीक स्वरूपात लिहिलेली असल्याने दुसऱ्या साधनात बहुधा नीट पोहोचते. संपादनाच्या सूचना मात्र ज्या साधनाच्या त्यालाच पूर्णपणे कळतात. लाइटरूम क्लासिकची (संग्रह आपल्याच संगणकावर ठेवणाऱ्या लाइटरूमची) वर्गणी थांबवल्यावर संग्रह उघडतो, फोटो दिसतात, बाहेरही काढता येतात; पण डेव्हलप हा संपादनाचा विभाग बंद होतो, म्हणजे ज्या कामासाठी ते घेतले तेच काम थांबते. ही रचना अप्रामाणिक आहे असे मी म्हणणार नाही, फोटो ओलीस धरले जात नाहीत हे चांगलेच आहे. परंतु जितकी वर्षे जातात तितका निघण्याचा खर्च वाढतो, आणि तो कोणत्याही दरपत्रकात छापलेला नसतो. काही योजनांत दरमहा पैसे भरायचे असले तरी करार वर्षाचा असतो आणि मध्येच थांबल्यास शुल्क पडते, त्यामुळे घेण्याआधी त्या अटी वाचाव्यात.

निर्णय घेताना मी एक साधा मार्ग सुचवेन. सध्याच्या साधनावर काम करताना कुठे अडायला होते ते काही आठवडे लिहून ठेवावे. अडचण निवडीच्या संथपणाची, नॉइजची, मास्कची किंवा ग्राहकाच्या फाइलची निघाली, तर विकतच्या साधनाची मर्यादित मुदतीची चाचणी आवृत्ती ऐन कामाच्या दिवसांत, स्वतःच्याच फोटोंवर वापरून पाहावी. अडचण ‘रंग मनासारखे येत नाहीत’ अशी असेल, तर आधी पडद्याकडे पाहावे. पडदाच निळसर दिसत असेल तर प्रत्येक फोटो नकळत पिवळसर केला जातो, आणि त्यावरचा उपाय पडद्याचे रंग अचूक करणारे कॅलिब्रेशनचे उपकरण हा आहे, दुसरे सॉफ्टवेअर नव्हे.

माझ्यापुरते मी काम विभागले आहे. मानधनाचे काम लाइटरूममध्ये होते, कारण त्याची वर्गणी त्या कामातूनच निघते. स्वतःसाठी काढलेले फोटो डार्कटेबलमध्ये असतात, कारण ते मला आयुष्यभर उघडता यावेत अशी माझी इच्छा आहे. लाइटरूम क्लासिक वापरणाऱ्यांनी कॅटलॉगच्या, म्हणजे संग्रहाच्या नोंदवहीच्या, सेटिंगमध्ये जाऊन बदल एक्सएमपी फाइलमध्ये (फोटोशेजारी राहणाऱ्या छोट्या नोंदफाइलमध्ये) आपोआप लिहिण्याचा पर्याय सुरू करावा. तो मुळात बंद असतो, आणि तो बंद असेपर्यंत सर्व नोंदी एकट्या कॅटलॉगमध्ये राहतात. ज्या फोटोंचे संपादन खरोखर पूर्ण झाले आहे त्यांची १६ बिटांची टिफ प्रत, म्हणजे सर्व बदल मिसळलेले तयार चित्र, वर्गणी चालू असतानाच काढून ठेवावी. २४ मेगापिक्सेलच्या फोटोची अशी प्रत, आकुंचन न करता, सुमारे १४४ मेगाबाइटची होते, म्हणून ती संपूर्ण संग्रहाची न काढता वर्षाकाठी निवडलेल्या थोड्या फोटोंचीच काढावी; बाकीच्यांच्या रॉ फाइल आणि त्यांच्या शेजारच्या एक्सएमपी फाइल सांभाळल्या तरी पुरे.