शेजारचा करडा फर्गी

हिवाळ्यात इथे सकाळी आठलासुद्धा धड उजाडलेलं नसतं, आणि शेजारच्या गोठ्यामागून फर्गी सुरू झाल्याचा आवाज येतो. उत्तर आयर्लंडच्या काउंटी डाउनमध्ये राहायला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात खिडकीतून पाहिला होता: बुटका, करड्या रंगाचा ट्रॅक्टर, मागे जोडलेल्या लिंक बॉक्समध्ये, म्हणजे सामान न्यायच्या पेटीत, मेंढ्यांचं खाद्य आणि त्यावर बसलेलं कुत्रं.

शेजारच्या काकांकडे नवा मोठा ट्रॅक्टरही आहे. नांगरट, सायलेज म्हणजे मुरघास ही कामं त्याची. पण मेंढ्यांचा चारा, कुंपणाचे खांब, सरपण हे रोजचं सगळं फर्गीच ओढतो. कारण जमीन. नोव्हेंबरपासून इथली कुरणं पाण्यानं फुगतात. मोठा ट्रॅक्टर घातला की खोल चाकोऱ्या पडतात आणि वसंतात तिथे गवत नीट फुटत नाही. फर्गीचं वजन साधारण अकराशे किलो, तो हलकाच जातो.

फर्गी म्हणजे फर्ग्युसन टीई-२०. १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत असे पाच लाखांवर ट्रॅक्टर बनले. ते घडवणारे हॅरी फर्ग्युसन याच काउंटीतले, ग्रोवेलचे. १९०९ च्या ३१ डिसेंबरला स्वतः बनवलेलं विमान उडवणारा हा माणूस! पण माझ्या मते त्यांचं खरं मोठं काम नांगराचं. पूर्वी ट्रॅक्टरमागे नांगर नुसता ओढत नेत. तो दगडात अडकला की ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन मागे उलटायचा, माणसं मरायची. फर्ग्युसननी नांगर तीन ठिकाणी जोडला, खाली दोन आर्म आणि वर टॉप लिंक, आणि तो हायड्रोलिक लिफ्टवर, म्हणजे तेलाच्या दाबानं उचलणाऱ्या यंत्रणेवर घेतला. आता नांगराचा भार मागच्या चाकांवर येतो, म्हणून हलक्या ट्रॅक्टरलाही पकड मिळते.

आमच्या वाळव्याच्या घरी मॅसी १०३५ ट्रॅक्टर आहे. लहानपणापासून तिची लिफ्ट वरखाली होताना पाहिली, पण ही युक्ती कुठून आली ते मला इथे येऊन कळलं. १९५३ साली फर्ग्युसनांची कंपनी मॅसी-हॅरिस या कंपनीत विलीन झाली, मॅसी फर्ग्युसन नाव त्यातूनच आलं.

ती तीन ठिकाणची जोडणी पुढे सगळीकडे रूढ झाली, म्हणूनच आज दुकानातून आणलेलं छोटं अवजारही काकांच्या फर्गीला जोडता येतं. पीटीओचा, म्हणजे इंजिनाच्या ताकदीवर अवजार फिरवणारा शाफ्ट तेवढा जुन्या मापाचा, बारीक, त्याला अडॅप्टर लागतो. उणिवा आहेतच. डोक्यावर संरक्षक चौकट नाही. क्लच दाबला तरी गवत कापायच्या यंत्राचं फिरतं वजन ट्रॅक्टरला पुढे रेटतं. काका तो तीव्र उतारावर नेत नाहीत आणि नातवाला अजून हात लावू देत नाहीत. मला ते अगदी पटतं.

गेल्या जानेवारीत फर्गी सुरूच होईना. याला सुरू करायलाही गिअरची दांडीच ‘एस’वर ढकलायची असते, म्हणजे गिअरमध्ये असताना चुकून सुरू होण्याची भीतीच नाही. स्टार्टर फिरत होता, पण इंजिन पेट घेईना. मी टॉर्च धरली, काकांनी डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं. आत सीबी पॉइंट, ज्याच्या उघडझापीनं इंजिनात ठिणगी पडते तो! बाबांच्या जुन्या स्कूटरचा असायचा तसाच, काजळी धरलेला. बारीक पॉलिश पेपरनं घासला, फट मापून बसवली, आणि चहा गार व्हायच्या आत इंजिन बोलू लागलं.

फाटकापलीकडच्या मेंढ्यांनी तो आवाज ओळखला आणि सगळ्या कुरणातून धावत आल्या.