तुमच्यात माणूस गेल्यावर आत्म्याचं काय होतं?

मी ठाण्याचा बेने इस्राएल, म्हणजे इथला ज्यू, घरात मराठीच बोलतो. कुणाच्या दहाव्याला गेलो की कोपऱ्यात हा प्रश्न हमखास येतो: "तुमच्यात स्वर्ग-नरक असतो? पुनर्जन्म मानता?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

आधी शब्दांचं. 'आत्मा' म्हटलं की आपल्याला देह बदलत जाणारं काहीतरी आठवतं. हिब्रूत तीन शब्द आहेत: नेफेश म्हणजे जीव, रुआख म्हणजे वारा, नेशामा म्हणजे श्वास. बायबलातल्या 'उत्पत्ती' ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात देव मातीच्या माणसाच्या नाकात श्वास फुंकतो आणि तो माणूसच 'जिवंत नेफेश' होतो. आपण 'जीव गेला' म्हणतो, त्याच्या हे जवळचं आहे. मग मेलेला जातो कुठे? जुन्या ग्रंथांत शेओल आहे, जमिनीखालची नि:शब्द जागा. त्यांतलाच 'उपदेशक' हा ग्रंथ तर सरळ म्हणतो, मेलेल्यांना काहीच कळत नाही.

पुढे मात्र मतं फुटली. रोजच्या प्रार्थनेत आम्ही देवाला 'मेलेल्यांना उठवणारा' म्हणतो, आणि रामबाम या आमच्या मोठ्या पंडितानं बाराव्या शतकात हे श्रद्धेच्या तेरा तत्त्वांत घातलं. पुनर्जन्म, म्हणजे गिलगुल, सादिया गाओन या पंडितानं दहाव्या शतकात साफ नाकारला. सोळाव्या शतकात सफेद गावच्या इसहाक लुरिया या गूढवादी गुरूनं तोच शिकवणीच्या गाभ्याशी आणला. दोघंही आमचेच.

मला स्वतःला तालमुदातली, म्हणजे आमच्या रब्बींच्या (धर्मगुरूंच्या) चर्चांच्या जुन्या ग्रंथातली, एक गोष्ट या सगळ्यापेक्षा जवळची वाटते. रब्बी हिया आणि रब्बी योनातान कबरस्तानातून चालले होते. योनातानच्या वस्त्राचे गोंडे, त्सित्सिथ, कबरींवरून घासत होते. हिया म्हणाले, वर उचल. नाहीतर मेलेले म्हणतील, उद्या आमच्याकडेच यायचेत आणि आज आम्हाला हिणवतात. (गोंडे ही आज्ञा, मेलेल्याला ती पाळता येत नाही.) योनातान म्हणाले, त्यांना एवढं कळतं? आणि उपदेशकाचं तेच वाक्य ऐकवलं. वाद पुढे बराच चालतो. त्यातच हिया गेल्यानंतरची, त्यांच्या मुलांची गोष्ट येते. शेतावरच्या कामात शिकलेलं विसरलं म्हणून ते कासावीस झालेत, आणि एक दुसऱ्याला विचारतो, "आपलं हे दुःख बाबांना कळत असेल का?" ज्या बापानं गोंडे उचलायला लावले, त्याच्याबद्दलच ही शंका. ते वाचताना मला दर वेळी थांबावं लागतं.

माझे बाबा गेले तेव्हा त्यांना आंघोळ घालताना मला दाराबाहेर थांबवलं होतं. आतून पाण्याचा आवाज येत होता. देहावरून कुणी कुणाला तांब्या देत नाही, वळसा घालून जातात, अशी आमची रीत. मग कुणीतरी त्यांचं हिब्रू नाव घेतलं, अमक्याचा मुलगा अमका, आणि आमच्या हातून काही कमी-जास्त झालं असेल तर माफ कर, असं म्हणाले. मेलेल्याला काही कळत नाही असं मानणारा माणूस अशी माफी मागेल, असं मला वाटत नाही.

तालमुद म्हणतं, वर्षभर जीव वर-खाली करत राहतो, नंतर वरच थांबतो. दुष्टांचा न्यायही बारा महिन्यांचाच. म्हणून अनेक ठिकाणी मुलगा कद्दिश, म्हणजे गेलेल्यासाठी म्हणायची प्रार्थना, अकराच महिने म्हणतो: पुरे बारा म्हटले तर बापाला दुष्टांत काढल्यासारखं होईल. कद्दिशात मरणाचा शब्दही नाही, फक्त देवाची थोरवी. ते म्हणायला दहा पुरुष लागतात. पावसाळ्यात नऊच जमले की आम्ही दहाव्याची वाट बघत बसायचो, आणि माझी नजर दारावर असायची.

परवा वर्षश्राद्धासारखा आमचा दिवस होता. कबरीवर खडा ठेवला. माझ्या मुलाची त्सित्सिथ शर्टाबाहेर लोंबत होती. आत खोच म्हटलं, तर त्यानं विचारलं, "आजोबांना दिसतं?"

"आधी खोच," मी म्हटलं.