तुम्ही विचारलंत म्हणून: ‘पाटी’चं ‘कर’ का केलं

“पाटीसारखं गोड नाव काढून ‘कर’ कशाला?” दोन वर्षं हेच ऐकतोय, म्हणून एकदाच लिहून टाकतो. टॅक्सशी काही संबंध नाही. मी केलेल्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचं नाव आजही पाटीच आहे. बदलली ती फक्त टर्मिनलवर, म्हणजे कॉम्प्युटरला टाइप करून हुकूम द्यायच्या खिडकीत, भाषा चालू करायला टाइप करायची कमांड.

मराठी माध्यमातल्या पोरांना आपल्या शब्दांत प्रोग्रॅमिंग शिकता यावं म्हणून मी ही भाषा केली. कमांडही पाटीच, हे ओघानंच आलं. गो भाषेची कमांड गो, तसं. ते नाव आधी कुणी घेतलेलं नाही ना, हेही तपासलं होतं. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकारात नोड नावाचा हौशी रेडिओवाल्यांचा प्रोग्रॅम आधीपासून होता, त्यामुळे 2012 मध्ये जावास्क्रिप्ट भाषा चालवणाऱ्या नोडला तिथं नोडजेएस या नावावर भागवावं लागलं. आपलं तसं होऊ नये, एवढीच माझी काळजी.

मग परळच्या बाजूच्या एका रात्रशाळेतली ती संध्याकाळ. बारा मशीनं, दिवसभर राबून आलेली मुलं-मुली. मी फळ्यावर देवनागरीत मोठ्ठं ‘पाटी’ लिहिलं आणि म्हटलं, टाइप करा. मराठी शब्दाचं स्पेलिंग काय सांगायचं! माझ्या लेखी ते पी-ए-ए-टी-आय. कुणी एकच ए घातला, कुणी शेवटी डबल ई, एकानं दोन टी. मी दुरुस्त करत रांगेतून पुढे सरकत होतो. शेवटच्या मशीनपाशी पोचेतो वीस मिनिटं गेली. तिथली मुलगी दिवसा कुरियरच्या ऑफिसात कामाला होती. तिच्या स्क्रीनवर एकाखाली एक अकरा स्पेलिंगं होती आणि प्रत्येकाखाली तेच, ‘कमांड नॉट फाउंड’. तिनं मला हाकही मारली नव्हती. मी वाकून बघितलं तेव्हा हळूच म्हणाली, “सर, मला इंग्लिश येत नाही म्हणून होत नाहीये का?”

इंग्लिशची जी भीती घालवायला भाषा केली, ती मीच उंबऱ्यावर आणून बसवली होती. पुढच्या आठवड्यात ती आली नाही. त्यामुळेच आली नाही असं मी म्हणत नाही. कामाची पाळी बदलली असेल.

कमांड देवनागरीत का नाही, हेही विचारता. एडिटरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम लिहायच्या जागी, मराठी अक्षरांची पट्टी देता आली. टर्मिनलचं तसं नाही; तिथं कीबोर्ड बदलत बसावं लागतं आणि कित्येक टर्मिनलांत काना-वेलांटी विस्कटते.

मग ऱ्हस्व, सरळ, रोमनमध्ये सगळे एकसारखाच लिहितील असा शब्द शोधला. ‘तर’ सुचला, पण युनिक्स प्रणालीत त्याच स्पेलिंगची टार ही कमांड आधीच आहे. ‘मन’ सुचला, पण तिथं तशीच मॅन. शेवटी ‘कर’. पुढच्या वर्गात मुलांना कोरे कागद देऊन लिहायला सांगितलं, तर सगळ्यांचं के-ए-आर.

तरी पहिल्यांदा पाटी नाव ठेवणारा मी चूक होतो, हे मला मान्य नाही. ‘कर’ हा हुकूम वाटतो. पाटीवर चुकलं तर पुसता यायचं, ते या शब्दात नाही. त्या दिवशी फळ्यावर रोमन अक्षरं लिहिली असती तर भागलं असतं का? कदाचित. पण मी समोर नसताना घरी टाइप करणाऱ्याचं काय?

माझ्या लॅपटॉपवर मात्र पाटी हा एलियस, म्हणजे त्याच कमांडचं टोपणनाव, अजून आहे, दोन ए घालून. काढलेला नाही.