ड्रॅगन मरतो तेव्हा नायक कुठे असतो?

तुम्ही विचारलेत म्हणून सांगतो. जे. आर. आर. टॉल्किन यांची १९३७ची ‘द हॉबिट’ मी ज्यांना वाचायला देतो, त्यांतले बरेच जण पुस्तक परत करताना एकच तक्रार करतात: बिल्बो जीव मुठीत धरून स्मॉग या ड्रॅगनच्या गुहेत शिरतो आणि त्याला मारतो मात्र भलताच कोणी, मग हा नायक कसला?

तक्रारीत तथ्य आहे. कादंबरीच्या १९ प्रकरणांपैकी १४व्यात स्मॉग मरतो आणि त्याला मारणाऱ्या बार्ड या तिरंदाजाचे नावही आपल्याला तिथेच प्रथम कळते, हे मलाही खटकते. त्या वेळी बिल्बो डोंगराच्या पोटात अडकलेला असतो आणि गॅन्डाल्फ हा जादूगार तर केव्हाच वेगळ्या वाटेने गेलेला असतो. लेखनाच्या सुरुवातीच्या टिपणांत झोपलेल्या ड्रॅगनच्या अंगात बिल्बोनेच आपले छोटे पाते खुपसावे असा बेत होता. टॉल्किन यांनी तो सोडून दिला, हे माझ्या मते फार बरे झाले.

बिल्बोला बुटक्यांनी आणलेले असते ते स्मॉगने बळकावलेल्या त्यांच्या खजिन्यात चोरी करण्यासाठी. अदृश्य करणारी अंगठी घालून तो आधी एक पेला लांबवतो (‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी काव्यातला ड्रॅगनही पेला चोरीला गेल्यामुळेच चवताळतो, आणि टॉल्किन तर त्या काव्याचे गाढे अभ्यासक), मग स्मॉगच्या बढाईखोरपणाला खतपाणी घालत त्याला रत्नजडित पोट दाखवायला लावतो आणि डाव्या छातीवरची उघडी जागा हेरतो. ही गोष्ट तो बुटक्यांना सांगत असताना एक म्हातारा कस्तूर पक्षी ऐकतो, तो जाऊन बार्डच्या कानात सांगतो आणि बार्डचा उरलेला एकमेव काळा बाण नेमका तिथे शिरतो. या वधातली जादू म्हणाल तर एवढीच: एक अंगठी आणि पाखराची बोली समजणारा तिरंदाज.

पुढची पाच प्रकरणे कशासाठी, हेही तुम्ही विचारता. ऋग्वेदातला वृत्र पाणी अडवून बसलेला असतो. इंद्राने त्याला मारताच नद्या वाहू लागतात आणि प्रश्न मिटतो. स्मॉग मात्र आपल्याकडच्या गुप्तधनावरच्या नागासारखा सोन्यावर बसलेला आहे, आणि तो मेल्यावर मोकळी होते ती त्या सोन्याची हाव. बुटक्यांचा राजा थोरिन वाटणीला नकार देतो, बार्डच्या नगरातली माणसे आणि जंगलात राहणारे एल्फ लोक त्याच्या दाराशी ठाण मांडतात. बिल्बोचे खरे धाडस मला इथे दिसते: थोरिनला जिवापाड हवे असलेले रत्न तो स्वतःचा वाटा म्हणून ठेवून घेतो आणि तडजोड व्हावी यासाठी गुपचूप समोरच्या पक्षाच्या हवाली करतो. लढाई तरीही होते आणि थोरिन तिच्यात मरतो. शेवटच्या पानांत बार्डच्या त्या तळ्यावरच्या नगराच्या प्रमुखाचीही हकीकत येते: लोकांच्या मदतीसाठी मिळालेले सोने घेऊन तो पळतो आणि ओसाड माळरानावर उपाशी मरतो.