मेट्रोतून उतरल्यानंतरचे नागपूर

मे महिन्यात हौसेने नागपूरला कोणी जात नाही. मी आत्याच्या नातीच्या लग्नासाठी गेलो. लग्न उत्तम झाले, सावजी रश्श्याने डोळ्यांतून पाणी काढले, आणि त्याविषयी एवढेच पुरे.

लिहायचे आहे ते मेट्रोविषयी. २०१९ मध्ये खापरी ते सीताबर्डी अशी सुरू झालेली ही गाडी आता शहराच्या चारही दिशांना जाते. डबा गार आणि स्वच्छ, स्थानकांच्या छपरांवर सौरपट्ट्या, आणि सुभाषनगरजवळ खिडकीतून अंबाझरी तलाव दिसतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे हाच तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले होते, हे त्या शांत पाण्याकडे पाहून खरे वाटत नाही.

पश्चिम नागपुरातल्या एका स्थानकावर दुपारी उतरलो आणि सारे सुख जिन्याच्या शेवटच्या पायरीवर संपले. आत्याचे घर जेमतेम एक किलोमीटर. पण पदपथ मध्येच रोहित्राच्या कुंपणाला धडकलेला, पुढे त्यावर दुचाक्या लावलेल्या, म्हणून सिमेंटच्या रस्त्यावरूनच चालणे भाग पडले. हे सिमेंट पावसाळ्यात पाण्याचा थेंब जिरू देत नाही आणि उन्हाळ्यात चपलेच्या तळव्यातूनही चटका देते. याच शहरात सिव्हिल लाइन्सच्या जुन्या झाडांखालून भर दुपारीही चालवते; इथे मात्र सावली होती ती फक्त विजेच्या खांबांची. एक रिक्षावाला थांबून म्हणाला, "एवढ्या उन्हात कायले पायी जाऊन राहिले जी?"

भांडेवाडीला सांडपाणी शुद्ध करून ते कोराडीच्या वीजकेंद्राला देणारे, म्हणजे पिण्याजोगे पाणी वाचवण्याची अक्कल असलेले हे शहर आहे. कोट्यवधींची कामे ज्यांना जमतात, त्यांना स्थानकापासून घरापर्यंत कडुनिंबाची एक रांग आणि अखंड पदपथ का जमू नये, याचा मला मनापासून राग आला.

आत्याने पन्हे पुढे केले, खिशात कांदा न ठेवता बाहेर पडल्याबद्दल रागावली आणि म्हणाली, "मेट्रो चांगलीच आहे रे, पण तिथवर जायला गाडी काढायची, तर मग त्याच गाडीने पुढे का नाही जायचं?" तिच्या घरी चार माणसांत तीन गाड्या आहेत. संध्याकाळी आहेराची साडी बदलायला सीताबर्डीला, म्हणजे थेट मेट्रोच्या दारात जायचे होते, तरी आम्ही त्यांतलीच एक काढली आणि अर्धा तास ती लावायला जागा शोधत फिरलो.