40 वर थांबलेला काटा

मे महिन्यात एका विद्यार्थ्याला घेऊन क्रॉस कंट्रीवर, म्हणजे दुसऱ्या विमानतळापर्यंतच्या सरावाच्या उड्डाणावर, सोलापूरला उतरलो होतो. दुपारी वळवाचे ढग दाटून आले, म्हणून परतीचं उड्डाण रद्द केलं आणि आमची सेसना 172 रात्रभर होटगी रोडच्या विमानतळावरच उभी ठेवली. पिटो नळीचं लाल झाकण तळावर राहिलं होतं. पोरानं दोनदा आठवण करून दिली. मीच म्हणालो, "एका रात्रीनं काय होतंय?" ते वाक्य मला अजून टोचतं.

पिटो म्हणजे पंखाखालची छोटीशी नळी. समोरून येणाऱ्या हवेचा दाब तिच्यातून आत जातो आणि त्यावर वेगाचा काटा हलतो.

दुसऱ्या दिवशी निघेपर्यंत दहा वाजले, ऊन तापलं होतं. पोरगा बार्शीकडचा, हुशार. लॉगबुकात 160 तास जमलेले. व्यावसायिक परवान्याला आपल्याकडे 200 लागतात. चेकलिस्ट तोंडपाठ, रेडिओवरचा आवाज एखाद्या कॅप्टनसारखा. त्यानं इंजिनाची ताकद वाढवणारा थ्रॉटल पूर्ण पुढं केला. काटा हलला, तसा तो "एअरस्पीड अलाइव्ह", म्हणजे वेग दिसायला लागला, असं म्हणाला. काटा 40 वर गेला आणि तिथंच थांबला.

नाक 55 नॉटला (तासाला साधारण 100 किलोमीटर) उचलायचं, म्हणून तो 55 ची वाट बघत राहिला. इंजिनाचा आवाज नेहमीचाच. धावपट्टीवरच्या पांढऱ्या रेघा झपाझप पोटाखाली जात होत्या. पुढचं चाक हलकं झालेलं मला पायाला कळत होतं. विमान उडायला बघत होतं आणि हा पोरगा योक, म्हणजे हातातलं सुकाणू, पुढं दाबून त्याला जमिनीवर धरून बसला होता, नजर त्या काट्यावर खिळलेली. "माय कंट्रोल" म्हणत मी थ्रॉटल मागं ओढला. पुढं धावपट्टी भरपूर उरली होती, नीट थांबलो.

"अरे, तुला काय वाटलं?"

"सर, हवा गरम आहे, वेग यायला वेळ लागतोय असं वाटलं."

उत्तर पुस्तकातलं होतं आणि अर्धं बरोबरही होतं. गरम हवेत धाव लांबतेच. पण कान, पाय आणि खिडकीबाहेरची जमीन त्याला दुसरंच सांगत होती, आणि ते ऐकायला त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. तो कुणी म्हणजे मीच.

तळावरून इंजिनिअर येईपर्यंत दुपार झाली. नळीच्या तोंडाशी माती निघाली. कुंभारमाशी! गावाकडं देवळीत, फोटोमागं घर करते तीच. एका रात्रीत आणि सकाळच्या दोन-तीन तासांत तिनं काम उरकलं होतं.

1996 च्या फेब्रुवारीत बिर्गेनएअर या तुर्की कंपनीचं बोइंग 757 डॉमिनिकन रिपब्लिकच्या किनाऱ्याजवळ समुद्रात पडलं, 189 माणसं गेली. नळी बुजली होती आणि संशय अशाच माशीवर होता. कॅप्टनचा काटा बिघडलाय हे धावपट्टीवर असतानाच लक्षात आलं होतं, तरी ते उडाले. 2009 मध्ये एअर फ्रान्सच्या 447 या विमानात नळ्या बर्फानं तुंबल्या. वेगाचे आकडे चुकले ते जेमतेम मिनिटभर, पण ऑटोपायलट सुटला आणि वैमानिक स्टिक मागं ओढून नाक वर करत राहिला. विमान स्टॉल होऊन, म्हणजे पंखांची उचल संपून, अटलांटिकमध्ये कोसळलं, 228 जण गेले. त्या विमानाचं इंजिन, पंख, सगळं शाबूत होतं.

माझे काही विद्यार्थी आज एअरबसच्या उजव्या सीटवर, सहवैमानिक म्हणून, बसतात. हातानं उडवायला मिळतं ते उड्डाणातली काही मिनिटं. म्हणजे हात बसायचा तो इथंच, या छोट्या विमानात. आणि इथं आम्ही काय करतो? तास मोजतो. घरच्यांचे पन्नास लाखांच्या घरात पैसे गेलेले असतात, पोरांना घाई असते, शाळेला विमान रिकामं ठेवायचं नसतं. 160 तासांत या पोराचा काटा एकदाही कुणी झाकला नव्हता, हे मला त्या दिवशी कळलं.

इंजिनिअरनं नळी साफ करून, तपासून दिली. उन्हं उतरल्यावर टॉवरची परवानगी घेतली आणि वेगाच्या काट्यावर वहीचा कागद चिकटवला. माझ्या बाजूनं कागदाची कड उचलून मला काटा दिसत होता, त्याला नाही.

पहिल्या सर्किटला, म्हणजे विमानतळाभोवतीच्या फेरीला, त्याचा तळवा घामानं ओला. थ्रॉटल सारखा पुढं-मागं. मी म्हटलं, "हात सोड. बोटं आडवी धर काचेवर. नाकाच्या वर क्षितिज चार बोटं, आरपीएम 2200. आता ट्रिम कर आणि काही करू नकोस." ट्रिम नीट लावला की योक धरून ठेवावा लागत नाही; विमान सरळ चालत राहिलं. तो माझ्याकडं बघायला लागला, जणू हे मीच करतोय.

दुसऱ्या सर्किटला उतरताना नाक वर गेलं. वाऱ्याची सळसळ कमी झाली, योक ढिला पडला. मी गप्प बसलो. स्टॉलची शिट्टी वाजायच्या आत त्यानं स्वतः नाक खाली घेतलं. "आवाज गेला, सर," एवढंच म्हणाला.

तिसऱ्या वेळी फायनलवर, म्हणजे धावपट्टीसमोर उतरायच्या शेवटच्या टप्प्यात, विचारलं, "वेग किती?"

थोडा वेळ ऐकत राहिला. "68?"

कागद उचलून दाखवला. 63.

चाकं टेकल्यावर चौथं सर्किट मागायला त्यानं मला न विचारता रेडिओचं बटण दाबलं.