पावसाळ्यात हत्यारं ठेवायची कुठे: उघडी की बंद?

हत्यारांसाठी पेटी घ्यायची म्हटलं की माणसं आधी कप्पे मोजतात. डहाणूपासून वेंगुर्ले-पेडण्यापर्यंतच्या पट्ट्यात आधी बघायचं ते झाकण, आणि ते लावल्यावरही आत किती हवा येते-जाते ते.

लोखंड गंजायला पाण्याचा थेंब लागत नाही. हवेतली आर्द्रता ६०-६५ टक्क्यांच्या वर गेली की पोलादावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर बसतो आणि गंज धरू लागतो. हाताच्या घामाचं किंवा खाऱ्या वाऱ्याचं मीठ आधीच बसलेलं असेल तर तेवढीही आर्द्रता लागत नाही. जून ते सप्टेंबर कोकणात आकडा ८०-९० च्या घरात असतो. म्हणून माझ्या मते सोयी दोनच. एक तर हत्यार पूर्ण उघडं, वारा लागेल असं आणि रोज हाताखालचं. नाहीतर पूर्ण बंद, रबरी कडेच्या डब्यात. अर्धवट बंद ठेवणं सगळ्यात वाईट, आणि दुकानात मिळणाऱ्या बहुतेक पेट्या नेमक्या तशाच असतात.

लोखंडी कपाट किंवा पाच कप्प्यांची पत्र्याची पेटी घ्या. दिवसा पत्रा तापतो, आतली हवा फुगून फटींतून बाहेर जाते. रात्री पत्रा निवतो आणि बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. सकाळी बाहेरची हवा पुन्हा गरम आणि ओलसर होते, पण जड पान्हे, हातोडीचं डोकं, रंध्याचं पातं अजून गारच असतात. हवा ३० अंशांची आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर २६ अंशांहून गार असलेल्या कुठल्याही वस्तूवर दंव धरतं. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून जसा घाम सुटतो, तसंच. उघड्या फळीवर ते दंव तासाभरात वाऱ्याने उडून जातं, कपाटात मात्र दुपारपर्यंत तसंच राहतं. एसीच्या खोलीतून हत्यारं थेट गॅलरीत आणली तरी हेच होतं. पिशवीत गुंडाळून आणा आणि अर्धा-पाऊण तास पिशवी उघडू नका.

कपाट आधीच घरात असेल तर ते टाकून द्यायची गरज नाही. तळाच्या कप्प्यात १५ वॉटचा तारेचा बल्ब, फ्रिजमध्ये असतो तसला, चार महिने लावून ठेवा. आतली हवा चार-पाच अंशांनी गरम राहिली तरी पुरतं: २८ अंशांना ८५ टक्के ओलावा असलेली हवा ३३ अंशांवर ६४ टक्क्यांवर येते. वीज जाते ती सगळ्या पावसाळ्यात मिळून ४४ युनिटं. एलईडी बल्बचा उपयोग नाही, त्यातून पुरेशी उष्णताच निघत नाही. बल्बभोवती वीतभर जागा मोकळी ठेवा आणि तेलाची फडकी त्या कपाटात अजिबात ठेवू नका, ती पेट घेतात.

आता पूर्ण बंद डबा. मिस्त्रीकामाची महाग पेटीच हवी असं नाही. झाकणाला रबरी रिंग आणि चारी बाजूंना कड्या असलेला धान्याचा डबा चालतो. पारख सोपी आहे: आत कागदाचा रुमाल ठेवून झाकण लावा आणि डबा नळाखाली धरा. रुमाल कोरडा निघाला तर डबा चांगला. आत सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे, ठेवायचं, पण इथे बहुतेकांचा हिशोब चुकतो. वीस लिटरच्या डब्यातल्या दमट हवेत जेमतेम अर्धा ग्रॅम पाणी असतं, त्याला बुटांच्या खोक्यातली पुडीही पुरेल. खरं पाणी हत्यारांच्या लाकडी मुठींत असतं. पावसाळी हवेत मुरलेलं अर्धा किलो लाकूड कोरड्या डब्यात गेलं की तीसेक ग्रॅम पाणी सोडतं. १०० ग्रॅम सिलिका जेल चांगलं काम करत असताना २० ग्रॅमच्या आसपास पाणी धरतं. म्हणजे पटाश्यांच्या डब्यात पहिल्या आठवड्यातच दाणे भरून जाणार. जेल खराब आहे असं समजून लोक ते फेकतात, ती चूक. दोन पुड्या ठेवा, भरलेली काढून सुकवा आणि दुसरी घाला. लाकूड एकदा कोरडं झालं की मग महिनोन्‌महिने बघावं लागत नाही. निळे दाणे घेऊ नका, त्यांतला कोबाल्टचा क्षार अपायकारक आहे. नारिंगी घ्या, ते ओले झाले की हिरवट होतात. सुकवायचे ते ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास. तव्यावर उष्णता हाताबाहेर जाते आणि रंग कायमचा जातो.

ज्या डब्याची उघडझाप फार होते त्यात सिलिका जेलपेक्षा गंजरोधक कागद बरा, कारखान्यांतून बेअरिंगं ज्यात गुंडाळून येतात तो. त्याला व्हीसीआय कागद म्हणतात. त्याची वाफ धातूवर पातळ थर धरते. एक घनफूट जागेला एक चौरस फूट कागद, आणि हत्यार कागदापासून फूटभराच्या आत. सिलिका जेल आणि हा कागद एकाच डब्यात घालू नका, जेल ती वाफही शोषून घेतं. कापराच्या वड्या ठेवायची पद्धत जुनी आहे. वडी शिल्लक असेपर्यंत थोडाफार उपयोग होतो, पण ती कधी उडून गेली ते कळत नाही.

उघड्यावर टांगायचं असेल तर आधी भिंत बघा. पश्चिमेच्या, पावसाचा मार खाणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर काहीही लावू नका. खोल्यांमधली आतली भिंत निवडा. भोकांच्या एमडीएफ पट्ट्या पहिल्याच पावसात फुगतात आणि हुक सैल पडतात. त्याऐवजी १२ मिलिमीटरच्या, आयएस ७१० छाप असलेल्या, ओलीत टिकणाऱ्या प्लायची फळी घ्या. ती टांगायला १८ मिलिमीटर प्लायची १५० मिलिमीटर रुंद पट्टी मधोमध ४५ अंशांत तिरपी चिरा. एक भाग भिंतीवर लावा: तिरपी कड वर, उतार भिंतीकडे, म्हणजे भिंत आणि पट्टीमध्ये खाच तयार होते. दुसरा भाग उलटा करून फळीच्या मागे. फळी वरून अडकवली की आपल्या वजनानेच घट्ट बसते, मागे १८ मिलिमीटर हवा खेळते, आणि भिंतीला ओल आली तर फळी उचलून बाजूला करता येते. फळीच्या खालच्या कडेलाही मागून त्याच जाडीची पट्टी ठोका, नाहीतर फळी खालून आत झुकते. विटांच्या भिंतीत दर ४०० मिलिमीटरवर ८ मिलिमीटरचा प्लग आणि ६० मिलिमीटरचा स्क्रू पुरतो. नव्या इमारतींत मात्र भिंती बहुतेक हलक्या, राखाडी एएसी ब्लॉकच्या असतात. त्यांत साधा प्लग आधी धरल्यासारखा वाटतो आणि वजन आलं की भुग्यासकट बाहेर येतो. त्या ब्लॉकसाठीचे वेगळे, रुंद आट्यांचे प्लग मिळतात, तेच मागा.

जागा ठरली तरी प्रत्येक हत्याराची मागणी निराळी. कानशी एकमेकींवर टाकायच्या नाहीत; दात कडक पण ठिसूळ, एकमेकींवर घासले की टवके उडतात. लाकडात खाचा पाडून एकेक उभी ठेवा. आणि कानशीला तेल लावू नका, ती घसरते आणि कीस दातांत अडकतो. खडू घासा. पटाशीचं तोंड कशालाही टेकता कामा नये: फळीत पात्याच्या रुंदीपेक्षा दोन मिलिमीटर मोठी खाच पाडा, तिने मुठीखालच्या खांद्यावर लटकावं. रंधा ठेवताना पुढच्या टोकाखाली पातळ पट्टी सरकवा, पातं अधांतरी राहतं. व्हर्नियर कॅलिपरचे जबडे मिलिमीटरभर उघडे, टॉर्क पान्हा सगळ्यात खालच्या आकड्यावर आणलेला. चुंबकपट्टीवर पान्हे ठीक, धारेची हत्यारं नकोत; पोलादात चुंबकत्व येतं आणि लोखंडाचा बारीक कीस नेमका धारेला चिकटून बसतो.

खणात काय अंथरता यालाही महत्त्व आहे. वर्तमानपत्र ओल धरतं. चामड्याच्या म्यानात पटाशी कामापुरती ठीक, मुक्कामाला नको. काळा मऊ फोम दिसायला झकास, पण साधा पॉलियुरेथेन फोम दमट हवेत काही वर्षांत चिकट होऊन भुगा पडतो आणि पान्ह्याला काळा लेप बसतो. चपलांच्या तळव्यांसाठी विकतात ते ईव्हीए शीट, १० मिलिमीटर जाडीचं, आकार कोरून वापरा. लाकडाच्या पेटीला सागवान उत्तम. ओकसारख्या लाकडातून आम्ल सुटून लोखंड खातं, सागाचा तो त्रास नाही. १८६० सालच्या ‘वॉरियर’ या ब्रिटिश युद्धनौकेच्या साडेचार इंची लोखंडी चिलखतामागे १८ इंच साग होता. पेटी मात्र जमिनीवर टेकवू नका; चार इंच उंच ठेवा, नाहीतर वाळवीच्या आधी ओल पोहोचते.

तेल शिवणयंत्राचं. फडक्यावर दोन थेंब घ्यायचे आणि इतकं पातळ पुसायचं की बोटाला ओलं लागू नये. खोबरेल पटकन चिकट होत नाही, पण खवट झालं की त्यातलं आम्ल धातूवर बसतं, आणि थंडीत ते गोठतं. जवस तर नकोच, ते वाळून वार्निश होतं. फवाऱ्याच्या डब्यातलं पातळ तेल पाणी हटवायला चांगलं, पण उडून जातं. चार महिन्यांचा भरवसा त्यावर टाकू नये. फार दिवस हात लागणार नसेल तर व्हॅसलीन.

वर्षातून दोनदा सगळं बाहेर काढायचं. पहिल्यांदा मृगाच्या आधी: पुसून, तेल लावून, दाणे सुकवून. दुसऱ्यांदा खंडेनवमीला, तेव्हा पाऊस सरलेला असतो आणि हत्यारं तशीही पूजेला निघतात. हळदकुंकू पाण्यात कालवून सरळ पात्यावर लावलं की सकाळपर्यंत त्या बोटाएवढ्या जागेत काळा डाग पडतो, आणि झेंडूच्या ओल्या देठाखालीही. बोट मुठीला लावावं, फूल पात्यावर नको. दसऱ्याच्या सकाळी कोरड्या फडक्याने सगळं पुसून, पुन्हा तेलाचा हात फिरवून, मगच डब्याचं झाकण लावायचं.